दिवा दिला, तेलाचं काय?

(आपल्या संस्थेच्या वार्षिक सहकारी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दर वर्षी मी या मेळाव्यात कामाचा अहवाल घेऊन उभी राहते. वसतिगृहात किती मुलं आहेत, आरोग्य शिबिरं किती झाली, सौरकंदील किती वाटले, हे सगळं तुम्हाला सांगते. या वर्षीचा अहवाल छापून तुमच्या हातात दिला आहे. तो तुम्ही घरी वाचालच. आज मिळालेल्या वेळात मी तुमच्याशी आमच्या एका चुकीबद्दल बोलणार आहे. तुम्ही दिलेल्या दानातून ती चूक झाली, म्हणून ती आधी तुमच्यासमोर मांडणं मला योग्य वाटतं.

आपलं काम नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या डोंगरात चालतं. तिकडची गावं आपल्या देशावरच्या गावांसारखी एकगठ्ठा नसतात. एका गावाचे आठ-दहा पाडे असतात आणि पाड्यातही प्रत्येक घर आपापल्या शेतात, एक या टेकडीवर तर दुसरं त्या टेकडीवर. कागदावर गावात वीज आलेली असते. २००४ साली ठरलेल्या व्याख्येप्रमाणे, इतर काही अटींसोबत, गावातल्या दहा टक्के घरांत वीज पोहोचली की गाव विद्युतीकृत धरलं जातं. उरलेली घरं बहुधा वरच्या पाड्यावरची असतात. २०१७ नंतर घरोघरी जोडणी देण्याचं मोठं काम झालं, हे खरं आहे. तरीही आमच्या चालत जाण्याच्या वाटेवर आजही अंधारात जेवणारी घरं आहेत. गॅसजोडणी मिळाली तशी रेशनवरच्या रॉकेलची चिमणीही गेली. आता चुलीचा उजेड आणि मोबाईलची बॅटरी, तीही कुठून तरी चार्ज करून आणलेली.

अशाच एका पाड्यावर आपण काही वर्षांपूर्वी सौरकंदील वाटले. त्याचे फोटो याच वार्तापत्रात आले होते. होळीनंतर मी तिथे पुन्हा गेले. एका घरी साठीच्या एक बाई एकट्याच होत्या. मुलगा-सून ऊसतोडीला गुजरातेत गेलेले, परतायचे होते. पाणी दिल्यावर त्या आत गेल्या आणि फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू घेऊन बाहेर आल्या. आपला कंदील होता. पुसून स्वच्छ ठेवलेला. म्हणाल्या, "ताई, तुमचा दिवा मेला. आम्ही नाही मोडला. तुम्ही मागायला याल म्हणून जपून ठेवला."

वाटपाच्या दिवशी आपण प्रत्येकाचा अंगठा घेतला होता, हिशेबासाठी. त्यांना वाटलं, वस्तू बिघडली तर भरपाई द्यावी लागेल. दोन पावसाळे त्या हे ओझं मनात घेऊन होत्या. मी त्यांना सांगितलं की दिवा तुमचाच आहे, कोणी काही मागणार नाही. त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी उतरली, माझ्या मनावरची मात्र वाढली. त्या पाड्यावर मी घरोघर विचारलं. बहुतेक कंदील बंद होते. एका घरी सौरपट्टी कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून ठेवली होती.

बंधुभगिनींनो, मत्तयाच्या शुभवर्तमानातला दहा कुमारींचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. पाच जणींनी दिवे घेतले, पण सोबत तेल घेतलं नाही. मी नेहमी तो दाखला जागं राहण्याविषयी ऐकला आणि शिकवला. त्या दिवशी डोंगर उतरताना तो मला आमच्या वाटपाविषयी ऐकू आला. आपण दिवे दिले. तेलाची सोय केली नाही.

सौरकंदिलाचं तेल म्हणजे काय? सूर्य फुकट आहे, तो कायम आहे. संपते ती बॅटरी. साधी शिसं-आम्लाची बॅटरी तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते. ती रिकामी पडून राहिली तर त्याआधीच खराब होते, आणि आमच्याकडे घरं महिनोनमहिने बंद असतात, कारण माणसं ऊसतोडीला जातात. सातपुड्यात श्रावणात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. वायर उंदीर कुरतडतो. हे सगळं दुरुस्त होण्यासारखं आहे, पण दुरुस्त करणारा माणूस पाड्यावर नाही. तालुक्याला जायचं तर दिवस मोडतो, मजुरी बुडते आणि दुकानात तो भाग मिळेलच असं नाही. मग दिवा फडक्यात जातो.

ही चूक एकट्या आपल्या संस्थेची असती तर आपण ती सुधारून मोकळे झालो असतो. पण अनेक ठिकाणी सरकारी योजनेतून बसवलेल्या सौरदिव्यांचंही हेच झालेलं मी पाहिलं आहे. वस्तू पोहोचवण्यासाठी पैसा असतो, ती चालू ठेवण्यासाठी नसतो. म्हणून मला आज असं म्हणायचं आहे की दानाबरोबर आपण धोरणाविषयीही बोललं पाहिजे. पाड्यावरची वीज पाड्याच्या हातात राहील आणि दहा वर्षं चालेल, असे नियम राज्याने करावेत, यासाठी आपण मागणी केली पाहिजे.

आज योजना नाहीत असं नाही. छतावर सौरपट्ट्या बसवण्यासाठी २०२४ पासून केंद्राचं अनुदान आहे, ७८ हजार रुपयांपर्यंत. तुमच्यापैकी काहींनी ते घेतलंही असेल. पण त्यासाठी घराला आधी वीजजोडणी लागते आणि पट्ट्या पेलेल असं छत लागतं. आपल्या राज्यात 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजना आहे. तिच्यात अनुसूचित जमातीच्या शेतकऱ्याला पाच टक्केच रक्कम भरावी लागते. चांगली योजना आहे, पण त्यासाठी विहीर किंवा पाण्याचा दुसरा खात्रीचा स्रोत हवा. शेतीच्या वाहिन्या सौरऊर्जेवर आणण्याची मोठी योजना २०२३ पासून जोरात चालू आहे, पण जिथे वाहिनीच नाही तिथे तिचा काय उपयोग? ज्याच्याकडे काहीतरी आहे त्याला या योजना लागू पडतात. वरच्या पाड्याकडे ते काहीतरीच नसतं.

तार नसलेल्या घरासाठीही तरतूद झाली आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या पीएम-जनमन अभियानात अतिमागास आदिवासी जमातींच्या अशा घरांना ०.३ किलोवॅटचा स्वतंत्र सौरसंच देण्याची योजना आहे. एका घरामागे ५० हजार रुपये धरले आहेत. एवढ्या संचातून दिवसाला साधारण एक युनिट वीज मिळते, म्हणजे चार-पाच दिवे, एक छोटा पंखा आणि मोबाईल. पण महाराष्ट्रात या यादीत तीनच जमाती येतात: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. आमच्या डोंगरातले भिल्ल आणि पावरा तिच्यात नाहीत. २०२४ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालेल्या धरती आबा अभियानाने इतर आदिवासी गावांसाठीही दार उघडलं. मात्र त्या दारातून आत जायचं तर पाड्याचं नाव यादीत यावं लागतं. ते नाव तिथपर्यंत कोण नेणार?

शेजारच्या छत्तीसगडकडे पाहा. जंगलातल्या वस्त्यांना तार नेणं कठीण, म्हणून त्या राज्याने आपल्या ऊर्जा विकास संस्थेमार्फत, म्हणजे क्रेडामार्फत, शेकडो वस्त्यांत छोटे सौरप्रकल्प उभारले. मला त्यातली एकच गोष्ट सांगायची आहे. त्यांनी दुरुस्तीचा खर्च पहिल्यापासून योजनेत धरला. घराकडून थोडी मासिक वर्गणी आणि बाकी राज्याचं अनुदान. गावातलाच एक जण रोजची देखभाल करायचा, आणि काही गावं मिळून एक तंत्रज्ञ नेमलेला. तिथली प्राथमिक आरोग्य केंद्रंही त्यांनी सौरऊर्जेवर आणली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पंधरा जिल्ह्यांतली १४७ केंद्रं पाहिली गेली. सौरसंच असलेल्या केंद्रांत महिन्याला होणारी बाळंतपणं, संच नसलेल्या केंद्रांच्या जवळजवळ दुप्पट आढळली. मोबाईलच्या उजेडात बाळंतपण करणारी नर्स ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याचं कारण सांगावं लागणार नाही.

आणि आपल्या धडगाव तालुक्यातलं बिलगाव विसरून चालणार नाही. केरळहून आलेले दोन अभियंते, नर्मदा बचाव आंदोलनाचे कार्यकर्ते आणि गावकऱ्यांचं श्रमदान यांतून तिथे उदय नदीवर १५ किलोवॅटचा छोटा जलविद्युत प्रकल्प उभा राहिला. २००३ च्या जानेवारीत दिवे लागले. 'स्वदेस' चित्रपटात गावकरी पाण्यावर वीज तयार करतात तो प्रसंग तुम्हाला आठवत असेल. त्यामागे बिलगावची प्रेरणा होती असं सांगितलं जातं. तीन वर्षं गावाने स्वतःची वीज वापरली आणि २००६ च्या पावसाळ्यात पुराच्या पाण्याने तो प्रकल्प उद्ध्वस्त केला. याच भागातल्या ३३ गावांची जमीन सरदार सरोवराखाली गेली, आणि त्या धरणाच्या विजेत महाराष्ट्राचा २७ टक्के वाटा आहे. ज्यांनी विजेसाठी घर-शेत दिलं, त्यांच्या नातवंडांनी दिवा मागितला तर ती भीक म्हणायची का?

बिलगावने दाखवून दिलं की पाड्यावरची माणसं वीज तयार करू शकतात आणि चालवू शकतात. कायदाही त्यांच्या बाजूने आहे. २००३ च्या वीज कायद्यात तरतूद आहे की राज्य सरकारने अधिसूचित केलेल्या ग्रामीण भागात कोणी वीज तयार करून वाटत असेल तर त्याला परवाना लागत नाही, सुरक्षेचे नियम पाळावे लागतात. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये गावासाठी वनजमीन मिळू शकेल अशा तेरा सुविधांची यादी आहे. शाळा, अंगणवाडी, रस्ता यांच्याबरोबर त्या यादीत अपारंपरिक ऊर्जेचाही उल्लेख आहे. जागा एक हेक्टरपेक्षा कमी हवी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. 'जंगलाची जमीन आहे, इथे काही होणार नाही' हे उत्तर ऐकून परतलेल्या कितीतरी लोकांना हे कलम कोणी सांगितलेलंच नाही. पेसा नियमांप्रमाणे पाडा स्वतःची वेगळी ग्रामसभाही मिळवू शकतो. आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट येतो, आणि पायाभूत सुविधांवर तो वापरता येतो.

तर मग राज्याकडे मागायचं काय? आम्ही चार गोष्टी ठरवल्या आहेत.

पहिली, तार नसलेल्या घरासाठी जी योजना येईल तिच्यात दहा वर्षांच्या देखभालीचा आणि निदान एकदा बॅटरी बदलण्याचा खर्च धरावा. दुसरी, प्रत्येक पाड्यावरच्या दोघांना दुरुस्तीचं शिक्षण आणि मानधन मिळावं, त्यांतली एक मुलगी असावी, आणि सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळावेत. तिसरी, संच कुठे बसवायचा आणि कोणत्या घरापासून सुरुवात करायची हे ग्रामसभेने ठरवावं, आणि शाळा, अंगणवाडी, उपकेंद्र यांना पहिला मान असावा. चौथी, उद्या तार आली तर गावाच्या सौरप्रकल्पाचं काय होणार हे आधीच लिहून द्यावं. उत्तर प्रदेशाने २०१६ च्या आपल्या छोट्या वीजजाळ्यांच्या धोरणात याचं उत्तर लिहिलं आहे. आपल्यालाही तसं स्पष्ट उत्तर हवं.

इथे काहींच्या मनात प्रश्न येईल, आणि तो मला एका वडीलधाऱ्यांनी विचारलाही: "ताई, हे राजकारण नाही का? मंडळीने यात पडावं का?" त्यांच्या काळजीचा मी आदर करते. आजचे दिवस असे आहेत की मिशनच्या माणसाने काही केलं तर हेतूवर आधी शंका येते. म्हणून आम्ही दोन नियम पाळतो. मागणी मिशनच्या कागदावर कधीही जाणार नाही, ती ग्रामसभेच्या ठरावावर, गावाच्या सह्यांनी जाईल. आणि दिवा देताना कोणत्या घरात कोणता देव आहे हे आम्ही विचारलेलं नाही, पुढेही विचारणार नाही.

पण मागणी करणं हेच चुकीचं, असं मात्र मी म्हणणार नाही. गणनेच्या पुस्तकात सलाफहादाच्या पाच मुलींची हकीकत आहे. बाप मेला, भाऊ नाही, आणि रिवाजाप्रमाणे जमीन मुलींना मिळणार नाही. त्यांनी घरी बसून रडत राहण्यापेक्षा दर्शनमंडपाच्या दाराशी जाऊन मोशे, याजक आणि सगळ्या मंडळीसमोर आपलं म्हणणं मांडलं. मोशेने ते परमेश्वरापुढे नेलं, आणि परमेश्वराने मुलींचं म्हणणं बरोबर ठरवलं. त्या पाच जणींपुरतं नव्हे, पुढच्या सगळ्यांसाठी नियम बदलला. कोणी दयाळू नातेवाईकाने त्यांना धान्याचं पोतं दिलं असतं तर त्यांचा एक हंगाम निघाला असता. नियम बदलला म्हणून पिढ्यांची सोय झाली.

दुसरा प्रश्न पाड्यावरच्याच एका तरुणाने मला विचारला. तो आयटीआय करून आला आहे. म्हणाला, "शहराला तार आणि आम्हाला दिवा, असं का?" त्याचं म्हणणं खरं आहे. दिवसाला एक युनिट विजेवर पिठाची गिरणी चालत नाही, आणि दळणाचं ओझं डोक्यावर घेऊन डोंगर उतरणाऱ्या बाईला चार दिव्यांनी आराम पडत नाही. म्हणून मी असं कधीच म्हणणार नाही की आदिवासींनी थोडक्यात समाधान मानावं. तार यायला हवी. पण जंगलातून आलेल्या तारेवर पावसाळ्यात झाड पडलं की कित्येक दिवस अंधार असतो, तेव्हा गावाची स्वतःची वीज हाताशी असावी. आणि गावाचा एकत्र प्रकल्प असला तर गिरणीही चालते. त्याला मी एवढंच सांगितलं की हा प्रश्न मला विचारलास तसा ग्रामसभेत विचार. तो आता आमच्याबरोबर दुरुस्तीचं काम शिकवतो आहे.

प्रिय जनहो, आता तुमच्याकडे मागणं. या वर्षापासून दिव्यांसाठी येणाऱ्या दानातला मोठा भाग नव्या कंदिलांवर खर्च न करता बॅटऱ्या, सुटे भाग आणि या तरुणांचं शिक्षण यांवर करावा, अशी परवानगी मी मागते आहे. याचा अर्थ पुढच्या अंकात वाटपाचे फोटो कमी असतील. अहवालातला आकडा लहान दिसेल. 'यंदा दिवे कमी का वाटले?' असं तुमच्या मंडळीत कोणी विचारलं, तर हे कारण तुम्ही सांगावं.

तुमच्यात वीज खात्यातून निवृत्त झालेले बंधू आहेत, आयटीआयमध्ये शिकवणारे आहेत. वर्षातला एक आठवडा द्या. राहण्याची सोय वसतिगृहात होईल, भाकरी-भाजी मिळेल. तुम्ही ज्या मतदारसंघात राहता तिथल्या आमदारांना एक पत्र लिहा. स्वतःच्या भाषेत, साध्या शब्दांत लिहा की मी शहरात राहतो, माझ्या घरी वीज आहे, आणि माझ्याच राज्यातल्या पाड्यावरची वीज दहा वर्षं टिकेल असा नियम व्हावा असं मला वाटतं. डोंगरातल्या माणसाचं पत्र एकटं असतं. त्याला शहरातल्या पत्राची सोबत मिळाली तर फरक पडतो. आणि प्रार्थना करा. न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा जाणाऱ्या विधवेचा चिवटपणा आम्हाला लाभावा म्हणून करा, कारण एका अर्जाने हे होणार नाही.

येत्या २ ऑक्टोबरला त्या पाड्याच्या गावात ग्रामसभा आहे. ठरावाचा मसुदा गावकऱ्यांनीच केला आहे, आम्ही फक्त कलमांचे आकडे भरून दिले. ज्या बाईंनी कंदील जपून ठेवला होता, त्यांच्या कंदिलात त्या आयटीआयच्या मुलाने गेल्या महिन्यात नवी बॅटरी बसवली. त्याने त्यांना अंगठा मागितला नाही. त्या म्हणाल्या, ग्रामसभेला मी येणार, आणि हा दिवा सोबत आणणार, म्हणजे सगळ्यांना दिसेल की तो जगतो.

तुमची प्रार्थना त्या दिवशी त्यांच्याबरोबर असू द्या. प्रभू तुम्हाला आशीर्वाद देवो. आमेन.